जनसंपर्क अधिकारी

एखाद्या संस्थेचे तिच्याशी संबंध येणाऱ्या लोकसमूहांशी परस्पर सामंजस्याचे नाते निर्माण व्हावे व ते टिकून राहावे, यासाठी नियोजनपूर्वक व सातत्याने काम करणारा व्यावसायिक. शासकीय खाती, महानगरपालिका, रेल्वे, वीजकंपन्या, बँका, कारखाने, रुग्णालये, विद्यापीठे इत्यादींमध्ये हे पद आढळते. ‘जनसंपर्क’ या शब्दातील ‘जन’ म्हणजे एकजिनसी जनता नव्हे. सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घेतले, तर ऊस घालणारे सभासद शेतकरी, ऊसतोडणी कामगार, कारखान्यातील कायम व हंगामी कामगार, कर्ज देणारी बँक, मळीच्या पाण्याने विहिरी खराब झाल्याची तक्रार करणारे शेजारचे गावकरी आणि जिल्ह्यातील वृत्तपत्रे हे सर्व निरनिराळे ‘जन’ होत. सभासदाला उसाच्या दराची व तोडीच्या पाळीची माहिती हवी असते, तर गावकऱ्याला सांडपाणी कोठे सोडले जाते हे जाणून घ्यावयाचे असते. सर्वांना एकच पत्रक वाटून त्यांपैकी कोणाचेच समाधान होत नाही. आपले ‘जन’ कोण आहेत, त्यांच्या मनात काय आहे व त्यांना कोणती माहिती मिळालेली नाही, याचा शोध हा या व्यवसायाचा आरंभ होय.

जनसंपर्क ही जाहिरातीहून वेगळी गोष्ट आहे. जाहिरातीत वृत्तपत्रातील जागा वा नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील वेळ विकत घेतला जातो आणि त्यातील मजकुरावर जाहिरातदाराचा ताबा असतो. जनसंपर्क अधिकाऱ्याने पाठविलेली बातमी छापावयाची की नाही, किती छापावयाची व कोणत्या शीर्षकाखाली छापावयाची, हे संपादक ठरवितो. या निर्णयात पैशाचा शिरकाव झाला, की जनसंपर्कही उरत नाही आणि वृत्तपत्रव्यवसायही उरत नाही. २००९ च्या लोकसभा व महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांच्या वेळी पैसे घेऊन दिलेल्या बातम्यांचे प्रकरण गाजले व त्याची दखल भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्ये अहवालाद्वारे घ्यावी लागली, ती याच कारणाने. प्रचाराशीही जनसंपर्काची गल्लत केली जाते. प्रचारात बोलणारा एक व ऐकणारे अनेक असतात. गावात पिटली जाणारी दवंडी हे माहिती देण्याचे प्रभावी साधन होते. पण दवंडीवाल्याला कोणी उलट प्रश्न विचारावा व त्याने तो पाटलाकडे पोहोचवावा, अशी अपेक्षा नव्हती. जनसंपर्क अधिकाऱ्याकडून नेमकी तीच अपेक्षा असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार नेमला जाणारा जन माहिती अधिकारी हाही निराळा. नागरिकाच्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे हे त्याच्यावरील कायदेशीर बंधन आहे. जनसंपर्क अधिकाऱ्यावर असे बंधन नाही, मात्र लोकांनी अर्ज करण्यापूर्वीच माहिती खुली व्हावी हे त्याचे काम आहे.

इतिहास : आधुनिक अर्थाने हा व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आला. मोठे रेल्वेमार्ग, खाणी व तेलकंपन्या यांच्या मक्तेदारीवर नियतकालिकांतून कठोर टीका होऊ लागली, तेव्हा उद्योगपतींना प्रथम मौनाची आणि नंतर मौनाच्या दुष्परिणामांची जाणीव झाली. मूळचा वृत्तपत्रकार असलेल्या आयव्ही ली (१८७७–१९३४) याने १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठविले. आपले काम उघडपणे चालेल, पाठविलेला मजकूर ही छुपी जाहिरात नसेल आणि त्यातील तपशील पडताळून पाहण्यास संपादकांना साहाय्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघात शक्य तितका दडविण्याची तोवरची रीत मोडून लीने बातमीदारांना घटनास्थळी नेले व कंपनीच्या वतीने माहितीपत्रक प्रसिद्ध केले. हेच पहिले प्रसिद्धिपत्रक असे बरेच अभ्यासक मानतात.

याच लीच्या चरित्रातील दुसरा प्रसंग मात्र पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा घाईने उरकला जातो. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर हल्ला होऊन ती जाळण्यात आली; मृतांत स्त्रिया व मुले होती. खाण रॉकफेलर घराण्याच्या वर्चस्वाखालील कंपनीची होती. रॉकफेलर यांनी नेमलेल्या लीने कंपनीची बाजू मांडणारी पत्रके देशभर वाटली. त्यांतील काही विधाने खोटी ठरली. चौकशी आयोगापुढे साक्ष देताना, खाणमालकांनी पुरविलेली माहिती आपण पडताळून पाहिली नव्हती, असे त्याला सांगावे लागले. १९०६ च्या निवेदनात पडताळणीचे आश्वासन इतरांना दिले होते. स्वतःच्या अशिलाच्या बाबतीत तेच पाळले गेले नाही. या व्यवसायापुढील मूळ नैतिक प्रश्न इतक्या आरंभीच आणि इतक्या स्पष्टपणे उभा राहिला होता.

एडवर्ड बर्नेझ (१८९१–१९९५) याने १९२३ मध्ये जनमत घडविण्याविषयी ग्रंथ लिहून आणि न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन करून या विषयाला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. तथापि त्याची ख्याती १९२९ मध्ये एका सिगारेट कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना उघडपणे धूम्रपान करावयास लावण्याच्या युक्तीशीही निगडित आहे. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध दर्शविणारे संशोधन पुढे आले, तेव्हा अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेच्या सल्ल्याने जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांतून निवेदन दिले आणि संशोधनाविषयी शंकेचे वातावरण अनेक वर्षे टिकवून धरले. याच्या उलट आर्थर पेज याचे उदाहरण दिले जाते. १९२७ मध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीत उपाध्यक्षपद स्वीकारताना, केवळ प्रसिद्धीचे काम न देता धोरण ठरविण्यात आपल्याला वाव असावा, असा त्याचा आग्रह होता. लोकांना काय सांगावे यापेक्षा कंपनीने काय करावे हा प्रश्न अगोदरचा आहे, ही त्यामागील भूमिका. अमेरिकेत १९४७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५५ मध्ये या व्यावसायिकांच्या संघटना स्थापन झाल्या.

भारतात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२० नंतरच्या दशकात प्रवासाला उत्तेजन देण्यासाठी प्रसिद्धिविभाग चालविला. जत्रा व मेळे यांतून फिरते चित्रपट दाखविण्याचाही तिने उपयोग केला. सरकारी पातळीवर पहिल्या महायुद्धाच्या काळात मध्यवर्ती प्रसिद्धिमंडळ स्थापन झाले. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक स्टॅन्ली रीड यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. १९१९ मध्ये सुरू झालेल्या लहानशा माहिती कक्षातून पुढे पत्र सूचना कार्यालय विकसित झाले. परकीय सरकारच्या या यंत्रणांचा हेतू स्वाभाविकच प्रचाराचा होता आणि त्यांनी घालून दिलेली वळणे स्वातंत्र्यानंतर एकदम पुसली गेली, असे म्हणता येत नाही. खाजगी क्षेत्रात टाटा उद्योगसमूहाने १९४० नंतरच्या दशकात मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला. भारतीय जनसंपर्क संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारण्यात आली. १९८६ पासून हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय जिल्हा माहिती कार्यालयांमार्फत हे काम करते.

कर्तव्ये : जनसंपर्क अधिकाऱ्याचा दिवस बहुधा वृत्तपत्रांच्या वाचनाने सुरू होतो. संस्थेविषयीच्या बातम्या, वाचकांची पत्रे व अलीकडे समाजमाध्यमांवरील मजकूर यांची नोंद करून त्यांचा गोषवारा तो वरिष्ठांपुढे ठेवतो. पूर्वी कात्रणे डकविलेली वही साहेबांच्या मेजावर जात असे. आता तेच संगणकावरून जाते. प्रसिद्धिपत्रके तयार करणे, पत्रकार परिषदा व कारखाना-भेटी आयोजित करणे, गृहपत्रिकेचे संपादन, वार्षिक अहवालाची सुबोध मांडणी, प्रदर्शने, माहितीपट, वरिष्ठांच्या भाषणांचे मसुदे आणि चुकीच्या बातम्यांचे खुलासे ही त्याची नेहमीची कामे होत.

यांपैकी प्रसिद्धिपत्रक हे दिसावयास सर्वांत सोपे व प्रत्यक्षात सर्वांत अधिक बिघडणारे काम आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर देखभालीसाठी रविवारी घेतल्या जाणाऱ्या मेगाब्लॉकची सूचना हे त्याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. प्रवाशाला जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच, की कोणत्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाड्या बंद राहतील वा वळविल्या जातील, त्या कोणत्या स्थानकांवर थांबणार नाहीत आणि पर्याय कोणता. हा मजकूर पहिल्या दोन वाक्यांत आला पाहिजे. वृत्तपत्राच्या कचेरीत जागा कमी पडली, की उपसंपादक पत्रक खालून कापतो. म्हणून जे कापले गेले तरी कोणाचे अडणार नाही, ते शेवटी ठेवावयाचे असते. अनुभव असा, की पुष्कळ कार्यालयांत मसुदा प्रत्येक मेजावरून जाताना एकेका अधिकाऱ्याचे नाव व एकेक विशेषण मिळवीत जातो आणि शेवटी कामाची ओळ तळाशी जाऊन बसते. ‘तांत्रिक कारणास्तव’ हा शब्दप्रयोगही याच परंपरेतला. पाणी बंद राहणार ते जलवाहिनी फुटल्यामुळे की पंपाची दुरुस्ती चालू असल्यामुळे, हे सांगण्यात संस्थेचे काहीच जात नाही. न सांगितल्याने मात्र तर्कांना मोकळे रान मिळते.

कर्तव्याची दुसरी दिशा लोकांकडून संस्थेकडे येणारी आहे व तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे प्रमाण मोठे आहे. तक्रारींचे वर्गीकरण करणे, एकच तक्रार एकाच भागातून वारंवार येते का ते पाहणे, कामगारांत व ग्राहकांत चालणारी कुजबुज जाणून घेणे आणि हे सारे न रुचले तरी वरिष्ठांना सांगणे, हे तिचे स्वरूप. ज्या संस्थेत जनसंपर्क अधिकाऱ्याला निर्णय झाल्यानंतर बोलावले जाते, तेथे तो टपाल पोहोचविणारा ठरतो. निर्णयापूर्वी बोलावले गेले, तरच लोक हा निर्णय कसा घेतील हे सांगण्याची संधी त्याला मिळते. यास्तव त्याने संस्थेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या थेट अखत्यारीत काम करावे, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

आपत्तीच्या वेळची जबाबदारी : संकटकाळी या कामाचा संबंध थेट प्राणांशी येतो. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलांत कोणी अज्ञाताने सायनाइड मिसळल्याने सात जण मृत्यू पावले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने औषध घेऊ नका असे लोकांना जाहीरपणे सांगितले, वृत्तपत्रांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. त्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. पुढे छेडछाड चटकन ध्यानात येईल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आले व त्याने गमावलेला ग्राहक बहुतांशी परत मिळविला. हे यश शब्दांचे नव्हते. माल परत घेण्याचा निर्णय झाला नसता, तर उत्तमातल्या उत्तम निवेदनाचाही उपयोग झाला नसता.

दोनच वर्षांनी, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो लोक मरण पावले. कारखान्यातील धोक्याविषयी राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून लिहीत होते. भिंतीपलीकडच्या वस्त्यांतील लोकांना आत कोणते रसायन साठविले आहे व ते सुटल्यास काय करावे, हे सांगितले गेले नव्हते. बाहेरच्या वस्तीला इशारा देणारा भोंगा त्या रात्री प्रथम थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढी सूचनाही लोकांपर्यंत पोहोचली नाही आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही वायूच्या स्वरूपाविषयी वेळीच नेमकी माहिती मिळाली नाही. गळतीची कारणे तांत्रिक व व्यवस्थापकीय होती. ती जनसंपर्काने टळली असती, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. परंतु माहिती दडविण्याची सवय आपत्तीच्या क्षणी किती महाग पडते, हे तेथे दिसले. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती करून धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्यांनी कामगार व परिसरातील जनता यांना धोक्यांची माहिती देण्याचे बंधन घालण्यात आले. जे काम सुज्ञ व्यवस्थापनाने आपण होऊन करावयाचे, ते अशा रीतीने कायद्याला करावे लागले.

अधिकृत माहितीचा अभाव म्हणजे माहितीचाच अभाव नव्हे. ती जागा अफवा घेते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, अनेक भागांत वीज व दूरध्वनी बंद पडले. दोनच दिवसांनी, धरण फुटले किंवा समुद्राची लाट येत आहे, अशा अफवेने जुहूजवळील नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन लोक मृत्युमुखी पडले. भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या सध्याच्या काळात अशी अफवा काही मिनिटांत शहरभर पसरू शकते. म्हणून संकटात एकच अधिकृत प्रवक्ता असावा, ठरावीक वेळांना निवेदने द्यावीत, नक्की ठाऊक नसलेले ‘अद्याप कळलेले नाही’ असे स्पष्ट सांगावे आणि मृतांचा आकडा अंदाजाने देऊ नये, ही पथ्ये महत्त्वाची मानली जातात.

जनसंपर्काला मर्यादाही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीजप्रकल्पासाठी एन्रॉन कंपनी व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. प्रकल्पाविषयी भारतीयांचे प्रबोधन करण्यासह प्रकल्पाच्या विकासावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. हा खर्च नेमका कशावर झाला, याविषयी महाराष्ट्रात संशय निर्माण झाला आणि ज्या प्रबोधनाने विश्वास निर्माण व्हावयाचा, त्यानेच अविश्वासात भर घातली. वीज किती दराने मिळणार व न घेतलेल्या विजेचे पैसे कोणी द्यावयाचे, हा लोकांचा खरा प्रश्न होता. करारातील अटींची खुली चर्चा हेच त्याचे उत्तर होते. ती उशिरा व वादांच्या गदारोळात झाली.

आवश्यक गुण : या कामासाठी गोड बोलणे पुरते, असा समज रूढ आहे. मिठ्ठास वाणीपेक्षा ऐकण्याची शक्ती अधिक उपयोगी पडते. रागावलेल्या माणसाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकून त्यातील तक्रार व संताप वेगळे करता येणे, ही सरावाने येणारी कला आहे. भाषेवर प्रभुत्व हवे, म्हणजे अभियंता, वैद्य वा लेखापाल यांची परिभाषा सामान्य वाचकाच्या भाषेत अर्थहानी न होऊ देता उतरविता आली पाहिजे. महाराष्ट्रात मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिणे-बोलणे जवळजवळ अपरिहार्य ठरते. इंग्रजी पत्रकाचे शब्दशः भाषांतर करून ते मराठी वृत्तपत्रांना पाठविण्याची प्रथा मात्र त्याज्य होय; असे मराठी वाचून लेखकाची इंग्रजी तेवढी कळते. आपल्या संस्थेचे काम प्रत्यक्ष पाहून समजून घेणे, वृत्तपत्रांच्या व वृत्तवाहिन्यांच्या कामाच्या वेळा जाणणे, छायाचित्रण व संगणक यांची माहिती, आकडेवारी वाचण्याची सवय आणि स्मरणशक्ती हे गुणही लागतात.

सर्वांत दुर्मिळ गुण धैर्य हा होय. वरिष्ठाने सांगितलेली गोष्ट खरी नाही असे कळल्यावर ती वृत्तपत्रांना देण्यास नकार देणे नोकरी करणाऱ्याला सोपे नसते. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तशी आपण संस्थेची बाजू मांडतो, असा युक्तिवाद काही व्यावसायिक करतात. परंतु न्यायालयात प्रतिपक्षाचा वकील व न्यायाधीश समोर असतात. वृत्तपत्राच्या वाचकापुढे बहुधा तसे कोणी नसते. त्यामुळे ही तुलना अपुरी ठरते. एकदा दिलेली खोटी माहिती उघडकीस आली, की पुढच्या खऱ्या माहितीवरही बातमीदार विश्वास ठेवीत नाहीत, हा व्यावहारिक तोटा निराळाच.

आचारसंहिता व नियमन : व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहिता सत्यनिष्ठा, अशिलांची गुप्तता, परस्परविरोधी हितसंबंध टाळणे आणि लाच देऊन प्रसिद्धी न मिळविणे यांवर भर देतात. परंतु वैद्यक वा वकिली यांप्रमाणे या व्यवसायासाठी भारतात परवान्याची आवश्यकता नाही आणि संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. ब्राझीलने १९६७ मध्ये कायदा करून या व्यवसायाचे नियमन केले. बहुतेक देशांनी तसे केलेले नाही. तरीही संघटनेची कारवाई अगदीच निष्प्रभ असते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढविणारी मोहीम चालविल्याबद्दल बेल पॉटिंजर या लंडनमधील संस्थेला २०१७ मध्ये तेथील व्यावसायिक संघटनेतून काढून टाकण्यात आले. अशिलांनी पाठ फिरविल्याने काही दिवसांतच ती बंद पडली.

शिक्षण व संधी : पूर्वी हे पद बहुधा निवृत्त वा व्यवसाय बदललेल्या पत्रकारांना मिळे. आता पदवीनंतर जनसंपर्क, वृत्तपत्रविद्या वा संज्ञापन या विषयांतील पदविका व पदव्युत्तर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. दिल्ली येथील भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूट या नावाने परिचित असलेला विभाग आणि मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था यांनी या क्षेत्राला अनेक कार्यकर्ते पुरविले आहेत. केंद्र शासनातील भारतीय माहिती सेवेच्या वरिष्ठ श्रेणीत नागरी सेवा परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. खाजगी क्षेत्रात संस्थांच्या स्वतःच्या विभागांखेरीज अनेक अशिलांचे काम एकाच वेळी पाहणाऱ्या सल्लागार संस्थाही आहेत. नवोदिताला तेथे थोड्या काळात विविध अनुभव मिळतो. मात्र एखाद्या कारखान्याच्या वा रुग्णालयाच्या आत राहून त्याचे काम व त्याचे ‘जन’ ओळखण्याची जी संधी संस्थेच्या नोकरीत असते, ती तेथे क्वचितच लाभते.